टुला टॉडलर कॅरिअर: दत्तक लेकराच्या पहिल्या पंधरवड्यात कितपत कामाचा?

परदेशात राहणारं मराठी जोडपं दीड-दोन वर्षांचं लेकरू दत्तक घ्यायला भारतात येतं, तेव्हा बॅगेत औषधं, डायपर आणि खेळण्यांच्या जोडीला एक कॅरिअर, म्हणजे मूल अंगावर बांधून घ्यायचा पट्ट्यांचा झोळा, असतो. अमेरिकेतून येणाऱ्यांच्या बॅगेत तो पुष्कळदा टुला कंपनीचा टॉडलर असतो. मूल दोन वर्षांचं, कॅरिअरचं नाव टॉडलर, म्हणजे हाच आपला, असा सरळ हिशेब. कॅरिअर खरोखर उत्तम आहे. पण दत्तक संस्थेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या भारतीय मुलासाठी तो बऱ्याचदा मोठा पडतो. माप बरोबर असलं तरी पहिल्या दिवशी तो बॅगेतून बाहेर काढायची घाई करायची नसते. हे दोन मुद्दे कुठल्याही जाहिरातीत सापडत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहोत.

मापाचं गणित

कंपनीने या कॅरिअरसाठी २५ ते ६० पौंड, म्हणजे ११.३ ते २७ किलो, अशी मर्यादा दिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलाचं मधलं वजन १२.२ किलो आहे आणि मुलीचं ११.५. म्हणजे चांगली वाढ झालेली मुलगीसुद्धा दुसऱ्या वाढदिवशी या कॅरिअरमध्ये जेमतेम बसते. याच तक्त्यात कमी वजनाची रेघ दोन वर्षांच्या मुलासाठी ९.७ आणि मुलीसाठी ९ किलोवर आहे. वेळेआधी जन्मलेली, जन्मतःच हलकी किंवा आजारपणं काढलेली मुलं संस्थांमध्ये बरीच असतात, आणि ती या रेघेच्या आसपास असणं नेहमीचंच. तीन वर्षांच्या मुलीसाठी ही रेघ १०.८ किलोवर आहे. तेव्हा तीन वर्षांची लेकसुद्धा टॉडलरच्या किमान वजनाखाली असू शकते.

मोठ्या कॅरिअरमध्ये लहान मूल बसवलं की काय होतं? पॅनेल, म्हणजे मुलाला आधार देणारं मुख्य कापड, एका गुडघ्याच्या खाचेपासून दुसऱ्या गुडघ्याच्या खाचेपर्यंत पोचायला हवं, त्याच्या पुढे नको. ते पोटऱ्यांवर गेलं की गुडघे वाकत नाहीत, पाय फाकून ताठ राहतात आणि मूल कंबर मागे टाकून सुटायला बघतं. उंचीतही तेच. पॅनेल काखेपर्यंत, फार तर खांद्यापर्यंत असावं. ते जास्त वर आलं की मुलाचं तोंड कापडात बुडतं आणि खोलीत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. जन्मापासून आईबापांच्या अंगावर वाढलेलं मूल यावर किरकिर करून मोकळं होईल. ज्याला ही माणसं कालपरवा भेटली आहेत ते घाबरतं, आणि पुढचे चार दिवस कॅरिअर दिसला तरी लांब पळतं.

म्हणून ११.३ किलोच्या खालच्या मुलासाठी टुलाचाच फ्री-टू-ग्रो बघा. त्याची मर्यादा ७ ते ४५ पौंड, म्हणजे ३.२ ते २०.४ किलो. पॅनेलची रुंदी बटणांनी तीन टप्प्यांत कमीजास्त होते, उंचीही बदलते. मुलाचं खरं माप हातात आल्यावरच कळणार असेल तर ही सोय लाखमोलाची. एर्गोबेबी कंपनीचा ओम्नी ३६० याच वजनात बसतो आणि त्यात मूल कडेवरही घेता येतं, जे टुलात जमत नाही. ओम्नीत मुलाचं तोंड बाहेरच्या दिशेला ठेवून बसवायचीही सोय आहे. ती या काळात वापरू नये. सगळ्या अनोळखी जगाकडे तोंड आणि ज्यांची ओळख व्हायची त्यांच्याकडे पाठ, असा तो प्रकार होतो.

माप मागवायचं कसं, हेही सांगायला हवं. कारामार्फत (दत्तक प्रक्रिया सांभाळणारी केंद्रीय सरकारी संस्था) मुलाची माहिती येते तेव्हा वैद्यकीय तपासणीचा अहवाल जोडलेला असतो. त्यातलं वजन त्या तपासणीच्या दिवसाचं. परदेशी राहणाऱ्यांच्या बाबतीत स्वीकृती, काराचं ना-हरकत पत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश (सप्टेंबर २०२२ पासून तो न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात), मग जन्मदाखला आणि पासपोर्ट यांत महिने जातात. निघण्याआधी दोन आठवडे संस्थेतल्या समाजसेविकेकडे चार मापं मागा. आजचं वजन. उंची. मूल मांडी पसरून बसलेलं असताना एका गुडघ्याच्या खाचेपासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर, मागून मोजलेलं. आणि बैठकीपासून काखेपर्यंतची उंची. शेवटची दोन मापं साध्या शिंप्याच्या टेपने दोन मिनिटांत घेता येतात. कॅरिअरचं पॅनेल याच दोन मापांशी जुळवून बघायचं असतं, वयाशी मुळीच नाही.

पहिल्या दिवशी का नको

मुलांना छातीशी बांधून फिरलं की माया जडते, हे सांगणारे खूप भेटतात. त्यात तथ्य आहे. अंगाची ऊब, श्वासाची लय, जवळून दिसणारा चेहरा, हे सगळं नातं जुळायला मदत करतं. मात्र संस्थेतल्या मुलाला छातीशी घट्ट बांधून घेण्याची सवय नसते. सांभाळणाऱ्या एकेका मावशीकडे अनेक मुलं असतात. मूल उचललं जातं ते बहुधा कडेवर, तेही थोडा वेळ. छाती, पोट आणि पाठ अशा तिन्ही बाजूंनी आवळलं जाणं त्याला नवं असतं आणि त्यातून सुटता येत नाही हे त्याला लगेच कळतं.

याची खूण दोन तऱ्हांनी दिसते. काही मुलं पाठीची कमान करतात, हातांनी छाती ढकलतात, किंचाळतात. हे ओळखायला सोपं. दुसरी तऱ्हा फसवी. मूल एकदम गप्प होतं, हातपाय ढिले सोडतं, नजर कुठेतरी लांब लावतं, कधी पाच मिनिटांत झोपूनही जातं. आईबाप म्हणतात, बघा, किती छान रुळलं. मूल रुळलेलं नसतं, थिजलेलं असतं. खरं सैलावलेलं मूल आपलं डोकं स्वतः टेकवतं, बोटांनी कपड्याची कड चाचपतं, मध्येच मान वर करून तोंडाकडे बघतं. थिजलेल्या मुलाच्या मुठी आवळलेल्या असतात किंवा बोटं पसरून ताठ असतात. या फरकावर नजर ठेवा. शंका आली की बक्कल काढा.

ताबा मिळण्याच्या क्षणी, संस्थेच्या दारातून निघताना तर कॅरिअर अजिबात नको. मूल मावशीकडे हात पसरून रडत असताना त्याला पट्ट्यांत अडकवलं, तर कॅरिअर म्हणजे ताटातूट असं त्याच्या डोक्यात बसतं. त्या वेळी मांडीवर, हातांत घ्या. गाडी लांब जाणार असेल तर त्याची ओळखीची वस्तू मागून घ्या: चादर, दुपटं, झोपायची गोधडी, आणि तीही न धुता. हीच चादर पुढे कॅरिअरच्या आतल्या बाजूला, मुलाच्या गालाला लागेल अशी खोचायची आहे.

ओळख करून देण्याची रीत

पहिला दिवस: कॅरिअर खोलीत जमिनीवर पडलेला, एखाद्या खेळण्यासारखा. बक्कलचा टक् आवाज मुलांना आवडतो, वाजवू दे. दुसरा दिवस: आईने किंवा बाबांनी तो रिकामाच अंगावर घालून घरात वावरावं. त्यात एखादी बाहुली, टेडी बसवावा. मूल बाहुली काढतं, पुन्हा घालतं, कधी तिला मारतंही. चालू द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, पोट भरलेलं, झोप झालेली, खोलीत परकं कुणी नाही अशी वेळ बघून मुलाला आत घ्या. फक्त कमरपट्टा लावलेला, खांद्याचे पट्टे सैल, आणि पाठीला आपला हात. दोन मिनिटं. मूल खूश असतानाच उतरवा. रडायला लागलं तर मात्र लगेच उतरवा. पुढे रोज दोन-चार मिनिटं वाढवा आणि मग जिन्यापर्यंत, गच्चीपर्यंत, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत न्या. आठव्या-दहाव्या दिवसापर्यंत अर्धा तास जमला तर फार छान. पंधरा दिवसांत नाहीच जमलं तरी मुलात काही बिघाड आहे असं समजू नका.

बसवायचं पुढेच, तोंडाकडे तोंड. पाठीवर बसवणं दोन वर्षांच्या मुलासाठी आईबापांच्या कमरेला सोपं असतं आणि एरवी आम्ही तेच सुचवलं असतं, पण पहिल्या पंधरवड्यात नाही. पाठीवरच्या मुलाचा चेहरा दिसत नाही, ते थिजलंय की झोपलंय हे कळत नाही. पाठीवर असताना खाऊ तर कधीच देऊ नये, घशात अडकलं तर पत्ता लागणार नाही. पुढे बसवण्याचा तोटा असा की आपले पाय दिसत नाहीत. जिना उतरताना एक हात कठड्यावर आणि पायरी पायाने चाचपून.

घरी येण्याआधी सराव करा. पाच-पाच किलोच्या तांदळाच्या दोन पिशव्या उशीच्या खोळीत भरून कॅरिअरमध्ये बसवा आणि वीस मिनिटं घरात फिरा. कमरपट्टा कमरेच्या मऊ भागावर न बांधता नितंबाच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकवा, तेव्हाच वजन खांद्यावरून खाली उतरतं. खांदे दुखायला लागले तर बहुतेक वेळा कमरपट्टा ढिला किंवा फार वर असतो. ज्यांनी कधी तान्हं बाळ वाढवता वाढवता वजन उचललेलं नाही, त्यांना एका दिवसात दहा किलो अंगावर येतं. पाठीची तयारी आधीपासून हवी.

आई आणि बाबा दोघे घालणार असतील तर पट्ट्यांची मापं रोज बदलावी लागतात, आणि ते करताना मूल वैतागतं. प्रत्येक पट्ट्यावर आईच्या मापाला लाल आणि बाबांच्या मापाला निळ्या दोऱ्याचा एक टाका घाला. टाका वरवरचा असावा, पट्ट्याची वीण फाडू नये. साडीवर हा कॅरिअर नीट बसत नाही. कमरपट्टा निऱ्यांवर येतो, निऱ्या सुटतात आणि पट्टा घसरतो. कुडता-सलवार किंवा पँट बरी. मंगळसूत्र, लांब साखळ्या, ब्रोच काढून ठेवा, मुलाच्या गालावर वळ उठतात आणि घाबरलेलं मूल पहिल्यांदा तेच ओढतं. वरून बक्कल लावल्यावर त्याच्या सुरक्षेच्या इलॅस्टिक कडीतून पट्टा गेलाय ना, हे प्रत्येक वेळी बघा.

सुरुवातीला मूल बहुधा एकालाच पसंत करतं आणि दुसऱ्याला झिडकारतं. झिडकारलेल्या बाबांनी मूल जबरदस्तीने आपल्या कॅरिअरमध्ये घेऊ नये. आईच्या कॅरिअरमध्ये मूल असताना बाबांनी समोर उभं राहून वरणभाताचा घास भरवावा, पाणी पाजावं. जवळीक आईची आणि घास बाबांचा. दोघंही एकाच गोष्टीचे भाग आहेत, हे मुलाला असंच उमगतं.

ओढणी, झोळी आणि रिंग स्लिंग

इथे एक स्पष्ट मत: पहिल्या चार-पाच दिवसांसाठी टुलापेक्षा साधं कडेवर घेणं सरस आहे. संस्थेतल्या मुलाला तेच ठाऊक असतं. कडेवर बसलं की मूल हवं तेव्हा तोंड बघतं, नको तेव्हा मान फिरवतं. हात दुखू नयेत म्हणून रिंग स्लिंग, म्हणजे दोन कड्यांतून ओवून एका खांद्यावरून घ्यायचं लांब कापड, उत्तम. बऱ्याच रिंग स्लिंगना ३५ पौंड, म्हणजे जवळजवळ १६ किलोची मर्यादा असते. कड्या सांधा नसलेल्या, ओतीव असाव्यात. घराच्या पडद्याच्या किंवा पिशवीच्या कड्या वापरून घरी शिवलेली स्लिंग दहा किलोच्या मुलाला वापरू नका. सगळा भार एका खांद्यावर येतो, तेव्हा वीस मिनिटांनी बाजू बदला. साध्या सुती ओढणीने कडेवरच्या मुलाला आधार द्यायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, पण गाठ सुटू शकते, म्हणून एक हात कायम मुलाखाली हवा. सध्या मिळणाऱ्या हिप सीट, म्हणजे कमरपट्ट्यावरच्या कडक बैठका, सतत चढ-उतर करणाऱ्या मुलाला सोयीच्या असतात. मात्र त्या बॅगेत जागा खातात आणि मूल झोपलं की काही उपयोगाच्या राहत नाहीत.

उकाडा

कॅरिअरच्या जाड सुती पॅनेलमध्ये दोन अंगांची ऊब साठते. हे डिसेंबरात वरदान असतं, एप्रिल-मेमध्ये छळ. अमेरिकेला जाणाऱ्यांना पुण्या-मुंबईतून मूल घेतल्यावर व्हिसासाठी दिल्लीतही मुक्काम करावा लागतो, आणि तिथला मे महिना सांगायला नको. उन्हाळ्यात जायचं असेल तर मधलं पॅनेल जाळीचं असलेला टुलाचा कोस्ट किंवा एर्गोबेबीचा ब्रीझ घ्या. तरीही एका वेळी वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. मुलाच्या अंगात एकच पातळ सुती झबलं, दोघांच्या मध्ये ओलसर पंचा, आणि उतरवल्यावर मानेच्या घड्या व मांड्यांच्या सांध्यात घामोळं आहे का ते बघणं. घामाने चिकटलेलं मूल रडतं तेव्हा त्याला माणसाचा नव्हे, उकाड्याचा वैताग आलेला असतो. हे ध्यानात आलं नाही तर आईबाप उगाच खचतात.

धुवायचा की नाही

कंपनीची सूचना थंड पाण्यात, हलक्या फेऱ्यावर, ब्लीचशिवाय धुऊन सावलीत वाळवायची. पहिल्या पंधरवड्यात मात्र शक्यतो धुऊ नका. मुलाचा, तुमचा आणि त्या जुन्या चादरीचा वास एकत्र होत असतो, तोच त्याला हवा असतो. सांडलेलं दूध, वरण ओल्या फडक्याने पुसा. खांद्याच्या पट्ट्यांना चोखायचे सुती कापडी पॅड लावले तर तेवढेच बदलता येतात.

याला एक मोठा अपवाद आहे: खरूज. अनेक मुलं एकत्र राहतात तिथे ती सहज पसरते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, पोटावर पुरळ आणि रात्री वाढणारी खाज दिसली तर त्वचारोगतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जा. औषध लावायला डॉक्टर सांगतात ते घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी. कॅरिअर गरम पाण्यात उकळायचा नसतो. त्याला तोंड बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत चार-पाच दिवस बंद ठेवा. खरजेचा किडा माणसाच्या कातडीपासून दूर दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. चादर गरम पाण्यात धुवावीच लागेल. वास जाईल, त्याला इलाज नाही.

हृदयाची शस्त्रक्रिया होऊन छातीवर व्रण असलेलं मूल, स्नायूंचा जोर कमी असलेलं किंवा नितंबाच्या सांध्याची तक्रार असलेलं मूल असेल तर कॅरिअर घेण्याआधी बालरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा, आणि सोबत कॅरिअरचाच फोटो न्या. पॅनेल आणि पट्टे मुलाच्या अंगावर नेमके कुठे टेकतात, ते त्यांना दिसायला हवं.

नातेवाईक

कॅरिअरचा एक गुण कुणी फारसा सांगत नाही. मूल अंगावर बांधलेलं असलं की लोक ते सहज हातात घेत नाहीत. औक्षण, बारसं, भेटायला येणारी आत्या, काकू, शेजारच्या आजी, प्रत्येकाला लेकरू उराशी धरायचं असतं, आणि माया खरीच असते. पण पहिले काही आठवडे मुलाला घेणं, भरवणं आणि झोपवणं फक्त आईबाबांनीच करावं, म्हणजे नवी माणसं कोण हे मुलाला कळतं. औक्षण मूल कॅरिअरमध्ये असताना खुशाल करा, निरांजन मात्र दोन हात लांब. आजींना खाऊ द्यायचा असेल तर तो आईच्या हातात द्यावा, मुलाच्या तोंडात आई घालेल.

आणि एक बारीक गोष्ट. महाराष्ट्रातल्या संस्थेत मुलाला सांभाळणारी बाई म्हणजे मावशी. घरी आल्यावर आईच्या बहिणीला 'ही तुझी मावशी' म्हटलं की मूल तिच्याकडे झेपावतं किंवा एकदम हंबरडा फोडतं. काही आठवडे तिला नावाने ओळखलेलं बरं. मूल ओडिशा किंवा झारखंडमधून येणार असेल तर संस्थेत ते पाणी, भूक, शू, दुखतंय यांना काय म्हणतं ते विचारून घ्या आणि कॅरिअरमध्ये असताना तेच शब्द वापरा.

विमानात

विमानतळावर सुरक्षा तपासणीला भारतात सहसा मूल बाहेर काढून कॅरिअर एक्स-रे यंत्रातून द्यावा लागतो. झोपलेलं मूल त्या वेळी जागं होणार, हे धरून चाला. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी कॅरिअरमध्ये मूल ठेवता येत नाही. दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःचं तिकीट आणि स्वतःची खुर्ची लागतेच. खुर्चीचा पट्टा बांधून घ्यायची सवय मुंबई-दिल्ली प्रवासात लावा, म्हणजे चौदा-पंधरा तासांच्या उड्डाणात तो झगडा होणार नाही. उतरताना कान दुखतात, तेव्हा पाण्याचा पेला किंवा बाटली हातात तयार ठेवा. आत, दिवे मंद झाल्यावर, मागच्या मोकळ्या जागेत पंधरा मिनिटं कॅरिअर घालून डुलत उभं राहणं हा मूल झोपवायचा सगळ्यात भरवशाचा उपाय. झोपलं की खुर्चीत बसून आधी आपल्या पाठीवरचा आडवा पट्टा सोडा, मग खांद्याचे सैल करा, कमरपट्टा सगळ्यात शेवटी.

मग घ्यायचा कोणता

मूल ११.३ किलोच्या वर असेल, गुडघ्यांचं माप जुळत असेल आणि तुम्ही ओळख करून द्यायला आठवडा देऊ शकत असाल तर टुला टॉडलर मनापासून घ्या. त्याच्या पट्ट्यांचं भरणं चांगलं आहे, १२-१३ किलोचं मूलही खांद्यांना जड वाटत नाही. मूल त्याखाली असेल तर फ्री-टू-ग्रो, आणि सोबत एक रिंग स्लिंग. टॉडलर आधीच घेऊन बसला असाल तर परत करू नका. घरचं अन्न मिळायला लागल्यावर पुष्कळ मुलं काही महिन्यांत भराभर अंग धरतात आणि पुढे ११.३ चा आकडा गाठतात. वापरलेला घेणार असाल तर ओळखीच्या घरातूनच घ्या, टुला आणि एर्गोबेबी या दोन्ही कंपन्यांच्या नकला बाजारात आहेत. हातात आल्यावर प्रत्येक बक्कल लावून जोरात ओढून बघा, पट्टे जिथे पॅनेलला शिवले आहेत तिथली शिवण उलटून बघा, आणि एक जरी टाका उसवलेला दिसला तर तो कॅरिअर बाहुल्यांना द्या.